बेलभंडाऱ्यावरचा सामना

कोटाची डावी बाही त्या वर्षात तिसऱ्यांदा उसवली, तेव्हा चंद्रप्रभाबाईंनी सुईत दोरा ओवायच्या आधीच नवऱ्याला सुनावलं.

"ही शेवटची. पुन्हा बाही लोंबत घरी आली, तर ती पंचाची शिट्टी कायमची ठेवून द्यायची आणि कचेरी एके कचेरी करायची."

"अगं, लोकांचं प्रेम असतं खेळावर," विष्णुपंत पुटपुटले.

"खेळावर असेल. तुमच्यावर काही दिसत नाही. परांड्याला टोपी गेली, कळंबला चष्मा गेला, आता ही बाही. पुढं काय न्यायचं त्यांनी?"

"परवा अणदूरला फायनल आहे. आण्णासाहेबांना शब्द दिलाय मी."

"दिलाय तर जा. पण कोट धड घरी आला पाहिजे. नाहीतर मी म्हटलं ते खरं."

एकसष्ट-बासष्ट सालची ही गोष्ट. विष्णुपंत तुळजापूरच्या कचेरीत कारकून होते. कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांच्या तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा. मात्र मैदानावर त्यांनी शिट्टी फुंकली की बावीस धट्टीकट्टी माणसं जागच्या जागी थांबायची. हे सुख बिचाऱ्यांना दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. निजामाच्या राज्यात हैद्राबादला शिकायला होते, तेव्हा त्यांनी फुटबॉल पाहिला, आणि नियमांचं एक पुस्तक पैदा केलं. पुस्तक होतं उर्दूत. राज्य गेलं, उर्दू गेली, नवी पोरं मराठीत शिकली. त्यामुळे साऱ्या जिल्ह्यात ते पुस्तक वाचू शकणारा पंच एकच उरला. 'ऑफसाइड' नावाचा नियम पंतांनी घरी बसून स्वतःच काढलाय, असं भूमपासून उमरग्यापर्यंत पुष्कळांचं प्रामाणिक मत होतं.

शिव्यांचं त्यांना वाईट वाटत नसे. माणसं थांबत, पण विश्वास ठेवत नसत, याचं वाटे. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी म्हणावं की पंच खरं बोलला, एवढीच त्यांची इच्छा होती. शिट्टी गेली की तीही गेली.

एस.टी.त बसल्या बसल्या त्यांना युक्ती सुचली. कचेरीत बांधाच्या तंट्यात साक्षीदार तासन्‌तास बेधडक बोलत, पण 'देवापुढं बेलभंडारा उचल' म्हटलं की तेच साक्षीदार घाम पुसायला लागत. आणि अणदूर तर खंडोबाचं गाव! मग पंचाला कोट फाडून घ्यायची गरजच काय?

आण्णासाहेब गावचे मोठे जमीनदार. वडिलांच्या नावाची चांदीची ढाल बक्षीस म्हणून त्यांनीच ठेवली होती. त्यांनी युक्ती ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "करा की. माझी काय हरकत न्हाय."

सकाळी नवाला सामना उभा राहिला. ज्वारीचं एक पडीक रान, चार बांबू, वरून दोरी आणि राखेच्या रेघा. एका बाजूला अणदूर, दुसऱ्या बाजूला थेट भूमहून आलेला संघ. मधल्या रेघेजवळ विष्णुपंतांनी स्टूल मांडलं, त्यावर भंडाऱ्याचं ताट ठेवलं, वर बेलाची पानं ठेवली आणि खड्या आवाजात सांगितलं, "आज वाद नाही. ज्याला आपलं म्हणणं खरं करायचं असेल, त्यानं इथं येऊन खंडोबाचा बेलभंडारा उचलावा. तो सांगेल ते मी मान्य करीन."

भूमकरांनी ताटाला लांबूनच हात जोडले. अणदूरकरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचा पुढचा गडी शरणबसप्पा म्हणाला, "कबूल! आमाला कबूल हाय."

पाचव्या मिनिटाला शरणबसप्पानं गोल केला. भूमचा कप्तान उत्तरेश्वर धावत आला. "पंत, हात लावला त्येनं! ढळढळीत हात लावला!"

विष्णुपंतांनी ताटाकडे बोट दाखवलं. शरणबसप्पा रमतगमत गेला, मूठभर भंडारा उचलला आणि म्हणाला, "खंडोबाची आन, म्या हात लावला न्हाय." गोल कायम झाला.

"तुम्ही उचलता?" पंतांनी उत्तरेश्वरला विचारलं.

उत्तरेश्वर दोन पावलं मागं सरला. "न्हाय बाबा. खरं असलं तरी भंडारा उचलू न्हाई, आसं माझी आय म्हनती. आमच्या चुलत्यानं उचलला व्हता, त्येची म्हस मेली."

मग तेच सुरू झालं. बॉल बाहेर कुणी घालवला, कुणी कुणाला पाडलं, प्रत्येक वेळी अणदूरचा गडी ताटाकडे जाई, शपथ घेई आणि कपाळाला भंडारा लावून परत येई. भूमकर मात्र ताटाच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. हाफटाइमपर्यंत अणदूरचे दोन गोल झाले, सारा संघ पिवळाधमक झाला आणि बॉलसुद्धा हळदीला बसल्यासारखा दिसू लागला. पण काय ती शांतता! शिवी नाही, दगड नाही. विष्णुपंतांनी बाही चाचपली. टाका न् टाका जागेवर होता.

हाफटाइमला ते कडेला बोरं विकत बसलेल्या गौराबाईपाशी गेले आणि समाधानानं म्हणाले, "आजी, जागृत देव आहे हो तुमचा. सामना संपला की दर्शनालाच जातो."

"जावा की. एस.टी. हाय दुपारची."

"एस.टी.? देऊळ तर हे इथं आहे."

"देऊळ हाय, पन देव कुठाय?" म्हातारी बोरं मोजता मोजता म्हणाली. "देव पालखीत बसून नळदुर्गाला गेलाय. चंपाषष्ठी झाली की जातुया, तिकडची जत्रा करून येतुया. दोन गावांत एकच देव न्हवं का! पुसाच्या म्हयन्यात हितं गाभारा रिकामा. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक नव्हतं. तुळजापूरच्या माणसाला देवीपुढे इतर देवांची फारशी चौकशी नसते. नळदुर्गाचा खंडोबा वेगळा आणि अणदूरचा वेगळा, अशीच विष्णुपंतांची आजवर समजूत होती. त्यांच्या हातातलं बोर गळून पडलं. गाव इतक्या खुशीनं 'कबूल' का म्हणालं, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या डावाच्या आधी त्यांनी ताट मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवलं.

"का वो पंत?" अणदूरचा गोलकीपर बलभीम ओरडला. "आमी खोटं बोलतोय म्हनायचं काय?"

गावात उभं राहून गावाला खोटं कोण म्हणणार? "आता मी म्हणेन तो फैसला," एवढंच ते बोलले आणि शिट्टी फुंकली.

झालं. सकाळभर साठवून ठेवलेल्या शिव्या सव्याज बाहेर पडल्या. त्यात भूमकरांना चेव आला. उत्तरेश्वरनं एक गोल केला, थोड्या वेळानं दुसरा केला. दोन्ही वेळा अणदूरकर 'फाऊल, फाऊल' म्हणून नाचले, पण विष्णुपंत हटले नाहीत. दोन-दोन. शेवटचं मिनिट राहिलं असताना अणदूरच्या गोलापुढे दहाबारा माणसांची झुंबड उडाली, धुळीचा लोट उठला आणि त्यातून आरोळी आली, "गोल!"

विष्णुपंतांच्या डोळ्यांत माती गेली होती. त्यांना बॉल दिसला नाही, बांबू दिसले नाहीत, खरं सांगायचं तर स्वतःचं नाकही दिसलं नाही. पण आरोळीत दम होता. त्यांनी शिट्टी मारली. गोल!

डोळे पुसून पाहतात तो आख्खं अणदूर भोवती उभं. बलभीमनं डावी बाही धरली होती.

"तुमी बघितला गोल? सोताच्या डोळ्यानं?"

"म्हणजे काय!"

"मग उचला भंडारा! सकाळपास्नं आमाला उचलाय लावला, आता तुमी उचला."

ताट पुढे आलं. बाहीचा पहिला टाका तुटल्याचा आवाज विष्णुपंतांना ऐकू आला. खोटी शपथ घ्यायला हात धजेना, आणि पाहिलं नाही म्हणावं तर बाही काय, खांदाही शिल्लक राहिला नसता. मग त्यांनी कचेरीतला जुना मार्ग धरला. प्रकरण अडलं की वरच्या कचेरीकडे पाठवायचं.

"उचलतो," ते छाती काढून म्हणाले, "पण इथं नाही. इथं देव नाही. माझी शपथ नळदुर्गाला, देवासमोर. असेल हिंमत तर चला!"

एका फुटबॉलच्या गोलासाठी तीन-चार कोस कोण जाणार, असा त्यांचा हिशेब होता. गर्दी आण्णासाहेबांकडे वळली. मग आण्णासाहेबांनी हाक दिली, "आरं, गाड्या जुपा!"

अकरा बैलगाड्या निघाल्या. पहिल्या गाडीत मधोमध विष्णुपंत, एका अंगाला बलभीम, दुसऱ्या अंगाला उत्तरेश्वर. रस्ता त्यांच्या घराकडचाच होता, पण घर काही इतक्यात दिसेल असं वाटत नव्हतं. वाटेत कुणाच्या तरी रानात हुरडा निघत होता. गाड्या थांबल्या. थोड्या वेळापूर्वी एकमेकांच्या नरड्याला हात घालणारी पोरं एकाच आगटीभोवती बसून तळहातावर कणसं चोळू लागली. शरणबसप्पानं शेंगदाण्याच्या चटणीचा पहिला घास उत्तरेश्वरला दिला. फार चांगले दिवस होते ते. भांडण मिटलेलं नसलं तरी माणसं एका पंगतीला बसत. उरलेलं भांडण खाऊन झाल्यावर करत. विष्णुपंतांना मात्र त्या दिवशी हुरडा गोड लागला नाही.

दिवस कलता कलता गाड्या नळदुर्गाच्या देवळाशी पोचल्या. दोन्ही संघ, गाव, वाटेत सामील झालेले बघे, सारे गाभाऱ्यापुढे उभे राहिले. पुजाऱ्यानं ताट पुढे केलं. विष्णुपंतांनी हात लांब केला. समोर देव होता, खराखुरा. हात तिथंच थांबला.

"देवा," ते म्हणाले, "मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत माती गेली होती. मी अंदाजानं शिट्टी मारली."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डावा हात पुढे करून ठेवला. काय फाडायचं ते एकदाच फाडा. पण कुणी हात लावला नाही. मग बलभीमनं नाक ओढलं.

"पंत, गोल झालता. बॉल रेघंच्या हातभर आत व्हता. म्या वडून भाइर काढला."

"आरं गाढवा," आण्णासाहेब कडाडले, "मग तितंच का न्हाई सांगितलंस?"

"तितं कोन व्हतं ऐकाय?" बलभीम देवाकडे बघत म्हणाला.

शरणबसप्पानं घसा खाकरला. "आता इषय निघालाच हाय तर... म्हाजा पयला गोल हातानं झालता."

"आणि दुसरा?" विष्णुपंतांनी डोळे उघडले.

"त्यो बी हातानंच. पन त्यो डाव्या हातानं."

उत्तरेश्वर खदखदून हसला. त्याचं हसू गाभाऱ्याकडे नजर जाताच आटलं. तो हळूच म्हणाला, "आमचा पयला गोल झाला तवा बॉल आदीच रेघंभाइर गेलता. आन दुसऱ्याला म्या बलभीमची चड्डी धरून ठिवली व्हती."

"बगा!" बलभीम उसळला. "म्या घसा फोडून तेच सांगत व्हतो, पन आयकतंय कोन!"

विष्णुपंतांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. पाच गोलांपैकी चार त्यांनी स्वच्छ डोळ्यांनी पाहिले होते, ते चारही खोटे ठरले. जो पाहिलाच नव्हता, तेवढा खरा निघाला. भूम एक, अणदूर शून्य. आण्णासाहेबांनी निकाल मान्य केला आणि चांदीची ढाल तिथंच, देवाच्या दारात, उत्तरेश्वरच्या हाती दिली. पहिली टाळी बलभीमनं वाजवली.

विष्णुपंतांना भरून आलं. त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि आण्णासाहेबांपुढे धरली. "ही घ्या. मला काही दिसत नाही, हे आज देवापुढं सिद्ध झालं. पुढच्या वर्षी दुसरा पंच बघा."

"तसं कसं?" आण्णासाहेब म्हणाले. "शिट्टी तुमीच ठिवा. फकस्त तारीख बदलू. देव अणदूरला परत आला की मॅच धरू, म्हंजी गाड्या जुपाय नगं."

हे ऐकताच दोन्ही संघ त्या दिवशी पहिल्यांदा एका सुरात ओरडले, "न्हाय, न्हाय!"

"आण्णासाहेब," शरणबसप्पा काकुळतीला येऊन म्हणाला, "देव गावात आसल्यावर फुटबॉल खेळायचा कसा? तारीख पुसातलीच ऱ्हाऊ द्या. आन पंच ह्येच पायजेत. दुसरा कुनी असता तर रिकाम्या देवळाम्होरं भंडारा उचलून मोकळा झाला असता. ह्यास्नी ठावं व्हतं देव हितं हाय, म्हून एवढ्या लांब आनलं समद्यास्नी. खरं बोलायसाठी! व्हय का न्हाय, पंत?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. कौतुकानं, विश्वासानं. उभ्या जन्मात कुणी त्यांच्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

विष्णुपंतांनी तोंड उघडलं, गाभाऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग ते चार पायऱ्या उतरून खाली आले, देवाची नजर पडणार नाही अशा बेतानं दगडी खांबाच्या आड जाऊन उभे राहिले आणि शिट्टी खिशात टाकत म्हणाले, "होय. माझा अगदी तसाच विचार होता."