मेहरीनचा उजवा हात

मेहरीन मुलाणीचे ग्लोव्हज रविवारी सकाळी तिच्या वडिलांनी दुरुस्तीला घेतले, तेव्हा त्यांच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं दिवसभर त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं.

शेळगावच्या फाट्यावर इमामभाईंचं पंक्चरचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. त्यांची मुलगी मेहरीन फुटबॉलची गोलकीपर, आणि तीही पगारी. दोन वर्षं कोल्हापूरला, दोन वर्षं गोव्याला आणि आता तीन वर्षं पुण्याच्या एका क्लबात. टायर खोलता खोलता इमामभाई गिऱ्हाइकाला हे सगळं ऐकवत. फक्त एक गोष्ट ते सांगत नसत. या तीन वर्षांत मेहरीन एकाही सामन्यात मैदानात उतरली नव्हती.

क्लबात गोलकीपर तिघी, आणि मेहरीन तिसऱ्या नंबरची. तिसरीनं सराव सगळ्यांइतकाच करायचा, प्रवास सगळ्यांबरोबर करायचा आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसून पहिल्या दोघींची तब्येत ठणठणीत राहो अशी इच्छा धरायची. मेहरीन ती मनापासून धरायची, पण दर वर्षी जरा कमी मनापासून. वय एकोणतीस झालं होतं. करार महिनाअखेर संपत होता. कोच विजयसिंह "पुढच्या वर्षीचं बघू" म्हणाले होते, आणि अशा 'बघू'नंतर कुणी बघत नाही हे तिला माहीत होतं.

पुण्याच्या मैदानावर नवं गवत लावायचं काम निघाल्यामुळं हंगामाचा शेवटचा सामना बारामतीत ठरला. मेहरीन खेळणार नव्हतीच, म्हणून विजयसिंहांनी तिला शनिवारीच जवळच्या शेळगावला घरी जाऊ दिलं. "उद्या अडीचला मैदानात ये, म्हणजे झालं."

रविवारी सकाळी नऊला त्यांचाच फोन आला.

"मेहरीन, सोनमचा पाय मुरगळलाय. हॉटेलच्या जिन्यावर. चांगलाच सुजलाय."

"आणि रेश्मा?"

"रेश्मा बहिणीच्या लग्नाला गेलीय. मीच रजा दिली." विजयसिंह लगेच मुद्द्यावर आले. "तू खेळतेयस. बरोबरी झाली तरी आपण लीगमध्ये राहतो. हरलो तर खालच्या गटात."

मेहरीननं फोन ठेवला आणि सरळ बॅगेकडं गेली. शूज होते, मोजे होते. ग्लोव्हज नव्हते.

"अम्मी, माझे ग्लोव्हज कुठं गेले?"

"तुझ्या अब्बांनी न्हेलं दुकानात," शहाजादी भाकरी थापता थापता म्हणाली. "लई फाटल्यात म्हणत व्हते. सकाळधरनं त्यातच डोकं घालून बसल्यात."

मेहरीन पळत दुकानात गेली. इमामभाई ट्यूबचं ठिगळ दाबून बसवायच्या शिकंज्याचा दांडा पिळत होते. शिकंज्यात तिचे ग्लोव्हज होते.

"अब्बा, काय करताय?"

"झालंच बघ. तळव्याचं पोपडं निघालं व्हतं. म्हणलं पोर लाजंल, काय बोलायची न्हाय. दोन्हीला ट्यूबचं ठिगळ मारलंय, सोल्युशन लावून. आता इस वर्सं बघायला नको."

त्यांनी शिकंजा सैल केला. ग्लोव्हज बाहेर आले, पण जोडीनं आले. दाबलेलं सोल्युशन ठिगळांच्या कडेनं बाहेर आलं होतं आणि डाव्या-उजव्याचे तळवे एकमेकांना घट्ट चिकटले होते. निवडणुकीच्या फलकावरच्या उमेदवारासारखे ते हात जोडून राहिले. इमामभाईंनी ओढून पाहिलं. मग एकावर पाय देऊन ओढून पाहिलं.

"अब्बा, मला आज खेळायचंय."

इमामभाईंच्या चेहऱ्यावर आनंद पसरायला लागला. तेवढ्यात त्यांची नजर हातातल्या ग्लोव्हजवर गेली आणि तो मधेच थांबला.

"आज? खरंच मधी हुबं ऱ्हायचंय?"

"व्हय. चार वाजता."

मग पेट्रोल आणलं. पेट्रोलनं ग्लोव्हज सुटले खरे, पण तळव्याचा नरम थर तेलात सोडलेल्या पापडासारखा फुगला आणि हातात आला. ठेवणीतलं पेट्रोल संपलं, ग्लोव्हजही संपले.

दुसरी जोडी पुण्याच्या खोलीवर होती. रेश्माची रेश्माबरोबर लग्नाला गेली होती. सोनमची होती, पण सोनमचा हात सात नंबरचा आणि मेहरीनचा दहा. शाळेतनं आल्यावर रोज टायर खोलून तो तसा झाला होता. बारामतीत खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा संदेश इमामभाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"चाचा, दहा नंबरची एकच जोड हाय," संदेश म्हणाला. "तीन वर्सं झाली, कुणी इचारली न्हाय. पर दुकान बंद हाय. मी नरसिंहपूरला हाय, पोराचं जावळ हाय आज. चावी माझ्याकडं."

शेळगावापासून बारामती एका अंगाला आणि नरसिंहपूर बरोबर दुसऱ्या. ग्लोव्हज बारामतीत, चावी नरसिंहपुरात. मेहरीननं घड्याळ पाहिलं. पावणेदहा.

"तात्याबाला हाक मार," शहाजादी म्हणाली. "मी एसटीनं फुडं जाती. गोल झाला तर आडवायला कोनतरी पायजेल."

तात्याबांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. तात्याबा पिकअप घेऊन फिरत. शेजारच्या पोरीची अडचण कळताच त्यांनी पिकअप काढली, इमामभाई आणि मेहरीन पुढं चढले, आणि गाडी बारामतीकडं पाठ करून निघाली. इमामभाईंच्या मांडीवर ते मेलेले ग्लोव्हज होते. ठेवून यायचं त्यांना सुचलं नव्हतं.

नरसिंहपुरात देवळापाशी संदेश भेटला. पोराचं डोकं नुकतंच तुळतुळीत झालं होतं.

"चावी देतो, पर जेवून जायाचं. देवाच्या दारातनं उपाशी कुणाला लावत न्हाय आमी."

"संदेशभाऊ, सामना आहे!"

"म्हणून तर म्हणतो ताई. उपाशी पोटी कसं उडी मारनार?"

मेहरीननं उभ्या उभ्या अर्धी पुरणपोळी खाल्ली. इमामभाईंनी चावीसाठी हात पुढं धरूनच ठेवला. तात्याबांनी मात्र यजमानाचा मान राखला, आणि तो चार पोळ्यांनी राखेपर्यंत साडेबारा वाजले.

"निळं खोकं, वरच्या फळीवर," चावी देताना संदेश म्हणाला.

येताना उसाच्या दोन फडांमधे गाडी एका बाजूला झुकली. तिघेही उतरले. मागचं चाक बसलं होतं.

"स्टेपनी काढा, तात्या," मेहरीन म्हणाली.

तात्याबांनी स्टेपनी काढली नाही. ते शांतपणे इमामभाईंकडं बघत राहिले.

"इमामभाय, सांग तिला स्टेपनी कुठं हाय ती."

"दुकानात," इमामभाई जमिनीकडं बघत म्हणाले.

"किती दिस झालं?"

"दोन म्हैनं. आज सकाळीच काढनार व्हतो तात्याबा. ह्ये हातमोजे आडवे आले."

पंक्चर काढणारा हजर, आणि पंक्चर काढायचं सामान चाळीस किलोमीटरवर. इमामभाईंनी खिसे चाचपले. सदऱ्याच्या खिशात सोल्युशनची ट्यूब निघाली. ठिगळ मात्र नव्हतं. मग त्यांनी मांडीवरनं आणलेले ग्लोव्हज उलटे केले. पेट्रोलनं कडा सुटलेलं ट्यूबचं काळं ठिगळ त्यांनी नखानं हळूच सोलून काढलं आणि मुलीकडं बघितलं.

मेहरीननं गाडीतला पाना घेतला. तीन वर्षं बाकावर बसलेल्या त्या हातांनी चाक उतरवलं आणि टायर रिमवरनं उचकटून ट्यूब बाहेर काढली. तात्याबांनी उसाचा ट्रॅक्टर अडवून पंप मागून घेतला. ठिगळ बसलं, हवा थांबली.

"माझं ठिगळ कधी वाया जात न्हाय," इमामभाई पुटपुटले.

मेहरीनला सकाळपासूनचा सगळा राग एकदम बाहेर काढायचा होता. पण बाहेर आलं ते हसू, आणि गाडी सुरू झाली तरी ते थांबेना.

तोवर विजयसिंहांचे अकरा फोन येऊन गेले होते. बारामतीत संदेशचं दुकान उघडलं, निळं खोकं घेतलं, दुकान लावलं, आणि सव्वातीनला मेहरीन मैदानात पोचली. कपडे बदलून तिनं खोकं फोडलं. कोरे करकरीत ग्लोव्हज. दहा नंबर. तिनं डावा घातला, फक्कड बसला. उजवा घालायला घेतला, तर अंगठा भलत्या बाजूला.

खोक्यात दोन्ही डावे होते.

"काय झालं?" दारातून विजयसिंहांनी विचारलं.

मेहरीननं दोन्ही हात वर केले. विजयसिंहांनी पाहिलं आणि दाराच्या चौकटीला टेकले.

"सर, गोलकीपरनं ग्लोव्हज घातलेच पाहिजेत असं नियमात आहे का?"

त्यांनी पंचांना गाठलं. शर्ट, चड्डी, मोजे, पायाचे गार्ड आणि बूट, एवढंच सक्तीचं. ग्लोव्हज ज्याची त्याची मर्जी.

"मग एक चालेल?"

"न घातला तरी चालेल," पंच म्हणाले.

चार वाजता मेहरीन मुलाणी डाव्या हातात निळा ग्लोव्ह आणि उजवा हात उघडा घेऊन गोलात जाऊन उभी राहिली. प्रेक्षकांत आधी कुजबुज झाली, मग हशा. शहाजादी उठून मागं वळली आणि तिनं हसणाऱ्यांकडं एकेक करून बघितलं. त्या बाजूचा हशा थांबला.

पाचव्या मिनिटाला उंचावरून पहिला चेंडू आला. मेहरीननं उडी मारून तो उघड्या हातानं छातीशी ओढला. तळवा झणझणला. सरावात हजारो चेंडू तिनं धरले होते, पण सामन्यातल्या चेंडूचा तो तडाखा तीन वर्षांनी कातडीला लागला आणि तिला इतकं बरं वाटलं, की चेंडू सोडावासाच वाटेना. शेवटी पंचांनी शिट्टीकडं हात नेला.

समोरची टीम मुंबईची होती, तगडी होती. त्यांच्या कोचनं उघडा हात हेरला. "राईटला मारा! तिच्या राईटला!" ते रेषेवरून ओरडू लागले. पोरी तिच्या उजव्या बाजूलाच मारू लागल्या. लांबून मारलेला उजवीकडं, जवळून मारलेला उजवीकडं, फ्री किकही उजवीकडं.

विसाव्या मिनिटाला मेहरीनच्या लक्षात आलं, की गोलकीपरच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न त्या गृहस्थांनी सोडवून टाकलाय. चेंडू कुठं येणार, एवढाच तो प्रश्न. आता ती चेंडू सुटायच्या आधीच उजवीकडं सरकायला लागली. एक अडवला, दुसरा बाहेर ढकलला, तिसरा मुठीनं पार मध्यरेषेपर्यंत परतवला. हसणारे आता तिच्या नावानं ओरडत होते. तात्याबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "ती काय, तिनं दुपारी माझ्या गाडीचं चाक खोललं."

शून्य-शून्य असताना एकोणनव्वदाव्या मिनिटाला मुंबईला पेनल्टी मिळाली. इमामभाईंनी डोळे मिटून घेतले. चेंडू ठेवून मुंबईची कॅप्टन चार पावलं मागं गेली. मेहरीननं तिच्या पायाकडं पाहिलं नाही. तिनं रेषेवरच्या त्या कोचकडं पाहिलं. ते उजवा हात हलवत होते.

मेहरीन उजवीकडं झेपावली. चेंडू गोळीसारखा आला, उघड्या तळव्यावर फाडकन आपटला आणि खांबाला घासून बाहेर गेला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. इमामभाईंनी डोळे उघडले ते लोकांनी त्यांना खांद्यावर घेतल्यावर. सामना शून्य-शून्य सुटला. क्लब लीगमध्ये राहिला, आणि हरल्यासारखी फक्त मुंबई परत गेली.

मैदानातून बाहेर येईतो मेहरीनभोवती गर्दी जमली. गर्दीत एक गृहस्थ होते, दक्षिणेतल्या कुठल्याशा मोठ्या क्लबासाठी खेळाडू बघत फिरणारे. त्यांनी आपलं कार्ड पुढं केलं. ते विजयसिंहांनी पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात हातात कागद घेऊन धावत आले.

"दोन वर्षांचा करार. पहिल्या नंबरची गोलकीपर. इथंच सही कर."

"सर, तुम्ही म्हणाला होता, बघू."

"बघितलं की! नव्वद मिनिटं बघितलं. कर सही."

मेहरीननं पेन घेतलं, पण ते बोटांत राहीना. उजवा हात टम्म फुगला होता. अंगठा बोटांना भेटायला तयार नव्हता. डाव्या हातानं तिनं सही करून पाहिली, तर कागदावर कोंबडी चालून गेल्यासारखं उमटलं.

"हे चालणार नाही," विजयसिंह घामाघूम होऊन म्हणाले. कार्डवाले गृहस्थ अजून शेजारीच उभे होते. "अंगठा लाव, सरळ अंगठा लाव. आणि घरातलं कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करा."

मैदानाच्या ऑफिसातून शाईचं पॅड आलं. मेहरीननं डावा अंगठा दाबून उठवला. मग इमामभाई पुढं झाले. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली होती. पेन त्यांनी पान्यासारखं मुठीत धरलं, कागद तात्याबांच्या गाडीच्या बॉनेटवर सरळ केला आणि एकेक अक्षर कोरायला घेतलं. सगळे थांबून राहिले. इमामभाईंना कशाचीच घाई नव्हती.

"बघा की, पोर बीए झालेली," शहाजादी पदरानं डोळे टिपत सगळ्यांना सांगत होती, "ती अंगठा लावती, आन् ह्ये सही करत्यात."

"गप गं," इमामभाई मान वर न करता म्हणाले. "वेलांटी चुकंल."