सगळ्या सोसायट्यांचा मेंबर

प्रफुल्ल आमच्या युनिव्हर्सिटीतल्या वेल्श सोसायटीचा मेंबर आहे, ग्रीक सोसायटीचा आहे, आणि घानाच्या सोसायटीचा तर खजिनदार आहे. माणूस नागपूरचा.

इथे इंग्लंडात सोसायटी म्हणजे विद्यार्थ्यांचं मंडळ. सप्टेंबरात हॉलमध्ये सगळ्या देशांची टेबलं लागतात. शहाण्या माणसाने फुकटचं पेन उचलून सटकायचं असतं. प्रफुल्लने प्रत्येक टेबलावर नाव नोंदवलं. "हाव ना, होऊन जाऊ मेंबर," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आम्ही एका फ्लॅटमध्ये राहतो, किचन एकच. त्यामुळे त्याच्या मेंबरशिपा मला नाकाने कळतात. आज घानावाल्यांचा जोलोफ भात, उद्या आणखी काही. ग्रीक नाचात याचे पाय सगळ्यांच्या उलट पडतात, तरी त्याला हात धरून मधे घेतात म्हणे.

मार्चमध्ये वेल्श लोकांचा सण असतो, तेव्हा ते कोटाला लीक लावून मिरवतात. लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा धिप्पाड भाऊ. कार्यक्रम संपल्यावर हा पठ्ठ्या सगळ्यांच्या कोटांवरचे लीक मागून घरी घेऊन आला आणि त्यांचा झुणका केला. "फेकून देऊन राहिले होते ना," म्हणाला. वर डबा भरून त्यांनाच खायला घालून आला. मी कपाळाला हात लावला.

नंतर मला मराठी मंडळ काढायची हुक्की आली. नियम असा, की वीस मेंबर लागतात. महिनाभर लोकांच्या मागे फिरून माझ्यासकट एकोणीस जमले, मुदत शुक्रवारची. विसाव्याची मला काळजीच नव्हती. तो समोर कणीक मळत होता.

"नाही," प्रफुल्ल म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. मग माझं डोकंच फिरलं. "घानाचा हिशोब सांभाळतोस, वेल्श लोकांचे कांदे गोळा करतोस, आणि आपल्या माणसांनी काय घोडं मारलंय तुझं?"

तो मळतच राहिला. "ते घानावाले मले पहिले विचारतात, जेवला का? आपले लोक विचारतात, आडनाव काय?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"इथं शिकाले यायच्या आधी लंडनजवळ ब्रॅकनेलले नोकरीत होतो ना, तेव्हा एका घरी दिवाळीले गेलतो. सगळे पुण्या-मुंबईचे. प्रत्येकाने काही ना काही न्यायचं होतं. मी पाटवड्या नेल्या. आडनाव सांगितलं, तर 'अच्छा, नागपूरचे का,' म्हणाले. लय गोड बोलले हो. मायी जात काढली नाही कोणी." त्याने कणकेवर ओला रुमाल टाकला. "पण पाटवड्या जशाच्या तशा वापस आल्या. ट्रेनमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो होतो."

माझं आडनाव ऐकलं की लोकांच्या गप्पांना ऊत येतो. त्यात काही विशेष असतं, हे मला आजवर सुचलंच नव्हतं. राग आला, लाजही वाटली, आणि त्या घरातला एकही माणूस मला माहीत नसताना सगळे ओळखीचे वाटायला लागले.

"मंडळ राहू दे," मी म्हटलं. "शनिवारी पाटवड्या करशील?"

त्याने वर बघितलं. इतक्या देशांच्या लोकांत मिळून-मिसळून वावरणारा माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला.

"खाशीन?"

शुक्रवारी मुदत टळली. मंडळ झालं नाही. बाकीच्या अठरा जणांनी मला भरपूर बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं.

शनिवारी दुपारी प्रफुल्लने पाटवड्या केल्या. रस्सा असा तिखट, की नाकाडोळ्यांतून पाणी. मी एक खाल्ली, दुसरी घेतली, तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. तो स्वतःचं ताट वाढून घेईना. समोर बसून नुसता माझ्या हाताकडे बघत होता.