गाडी चालू हाय

निकम भाऊसाहेब माझ्या मुलीच्या बारशाला आले, पण मोटरसायकलवरून उतरले नाहीत. फाटकाशी गाडी उभी केली, इंजिन सुरूच ठेवलं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसून राहिले. शेवटी माझी बायको शोभा बाळाला घेऊन बाहेर गेली. भाऊसाहेबांनी पिशवीतून झबलं काढून दिलं आणि "नाव काय ठिवलं?" असं ओरडून विचारलं. शोभानंही ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते अजिबात ऐकू आलं नाही. "लय झ्याक नाव हाय!" म्हणाले, घुगऱ्यांचा पुडा खिशात कोंबला आणि निघून गेले.

"आवं, आत तरी या," असं कुणीही कुठंही म्हटलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "नको. गाडी चालू हाय."

हे ते अशा सुरात सांगत, की गाडी चालू असणं ही जणू त्यांच्या हातातली गोष्टच नाही. घरात कुणी आजारी असलं की माणूस सांगतो ना, तसं.

भाऊसाहेब आमच्या हायस्कुलात क्लार्क होते. शाळा सांगली जिल्ह्यात, तासगावच्या अलीकडच्या गावात. मी तिथं विज्ञान शिकवायचो. भाऊसाहेब उंच, किडकिडीत, डोक्याला बारा महिने मफलर. शर्टाच्या एका खिशात पेन, दुसऱ्या खिशात स्पार्क प्लग. पोरांच्या दाखल्यावर सही करताना कधी कधी पेनाऐवजी प्लग हातात यायचा. मग तो तसाच कागदावर टेकवून ते विचार करत बसायचे, की आज शाई का येईना.

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीचं अवजड धूड. मागं दोन्ही बाजूंना चामड्याच्या पिशव्या, पुढं गुडघ्याएवढा क्रॅशगार्ड, आणि क्लचची जादा वायर हँडलला बाळंतिणीच्या मनगटातल्या दोऱ्यासारखी गुंडाळलेली. टाकी त्यांनी इतकी वर्षं इतक्या मायेनं पुसली होती, की तिच्यावरचं कंपनीचं नाव पार घासून गेलं होतं. आता ती कुठल्या कंपनीची उरली नव्हती, फक्त भाऊसाहेबांची होती.

नव्वदनंतरचे दिवस. रस्त्यावर शंभर सीसीच्या हलक्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. पाऊल ठेवलं की चालू. भाऊसाहेब त्यांना शिलाई मशीन म्हणत. आमच्या हेडसरांनी तशी एक घेतली, तेव्हा भाऊसाहेबांनी पेढा खाल्ला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पिको-फॉल बी करती काय, सर?" हेडसर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

गाडीची सेवा रविवारी सकाळी. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, कार्बोरेटर उघडून फुंकायचा, चेनला तेल घालायचं. गाडीखाली ऑइल ठिबकायचं, म्हणून तिथं एक जुनी परात मांडलेली असायची. स्वतः कपड्याच्या साबणानं अंघोळ करणारा माणूस, पण चाकाच्या तारांना मात्र वासाचा साबण. अशा दिवशी त्यांच्या अंगणातून गेलं तर गाडीला चमेलीचा वास यायचा आणि भाऊसाहेबांना पेट्रोलचा.

मग एवढी सेवा असताना ती बंद का करायची नाही? त्याचंही उत्तर ठरलेलं. "हिला लय लाथा लागत्यात, सर. एकदा निजली की उठतच न्हाई. मानसाचा पाय मोडंल." ती निजलेली उठताना आम्ही कुणी पाहिली नव्हती. शाळेला कुलूप लावायचं काम भाऊसाहेबांचं, त्यामुळं ते सगळ्यांच्या शेवटी निघायचे. आम्ही आपले त्यांच्या पायाची कीव करायचो.

त्यांची भ्रमंती सांगितली तर खोटी वाटेल. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, होत्या तेव्हा दोघं उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीवर पार हंपी, गोकर्ण करून यायची. काकी गेल्यावर त्यांनी लांबचं फिरणं सोडलं आणि जवळचं वाढवलं. शनिवारी शाळा सुटली की साताऱ्याकडं, रविवारी सेवा आटोपली की मिरजेकडं. एका ओळखीच्या माणसासाठी ते सहज औंधला जाऊन यायचे आणि त्याच्या दारातूनच परत फिरायचे. यमाईचा अंगारा, म्हसवडची घोंगडी, कुणाचं औषध, कुणाच्या लेकीचा निरोप, सगळं त्या चामड्याच्या पिशव्यांतून घरोघर पोचायचं. चहा गाडीवर, गप्पा गाडीवर. लग्नात अक्षता मांडवाच्या दारातून टाकायचे. त्यातल्या निम्म्या वाजंत्र्यांच्या अंगावर पडायच्या. मयताच्या घरी गेले तर फक्त रेस कमी करायचे.

सगळा गाव हसायचा. हसत नव्हती ती एकटी माझी आई.

आई मूळची म्हसवडकडची. आम्ही बौद्ध. तिच्या लहानपणी लोकांच्या ओट्याखाली उभं राहायचं आणि वरून ओतलेला चहा ओंजळीनं नाहीतर आपल्या घरून आणलेल्या पेल्यात घ्यायचा, अशी रीत होती. दाराबाहेरचा चहा तिला चांगला माहीत होता. आता तिच्याच घराच्या दाराबाहेर एक माणूस चहा पीत होता आणि आत यायला तयार नव्हता, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"आगं, ते सगळ्यांच्याच दारात तसे बसतात," मी म्हणायचो.

"त्येच तर," आई म्हणायची. "सगळ्यांच्या दारात बसलं म्हंजी आपल्या दारात का बसतोय, ते कुणाला कळायचं न्हाई. हुशार हाय."

"चहा पितात की आपल्या कपातनं."

"चहाला काय, हाटेलात बी पित्यात. जेवायला बस म्हण बरं!"

मी पुढच्या वेळी म्हटलं. भाऊसाहेबांनी टाकीवरून हात फिरवला. "जेवलो असतो, सर. पर गाडी चालू हाय." आईनं दारातून माझ्याकडं असं बघितलं, की मी मान खाली घातली.

वाईट याचं वाटायचं, की तिला हा माणूस मनापासून आवडायचा. म्हसवडकडं गेले की ते वाट वाकडी करून तिच्या माहेरी डोकावायचे आणि येऊन बातमी ओरडायचे, "आक्का, तुमच्या भावाची म्हस व्याली! रेडी झालीया!" दोन दिवस आई त्या रेडीच्या आनंदात असायची. मग रविवारी भाकरी थापताना पुटपुटायची, "एवढी माया लावतोय, आन् घास खाईत न्हाई." आपल्या घरात त्यानं एकदा तरी जेवावं, नाहीतर का जेवत नाही ते तोंडावर सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या सुमारास आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. दुसऱ्या डोळ्यानं तिला आधीच जेमतेम उजेड-अंधार कळायचा. घरी सोडायचं त्याच दिवशी कसला तरी बंद निघाला, एसटी थांबली आणि वडापच्या, म्हणजे खच्चून माणसं भरणाऱ्या, जीपमध्ये आईला बसवणं शक्य नव्हतं. मी दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात फाटकातून तो ओळखीचा आवाज आत शिरला. भाऊसाहेबांना कुणी कळवलं देव जाणे. रखवालदार मात्र शांततेच्या पाटीकडं बोट दाखवत धावत आला आणि त्यांना इंजिन बंद करावं लागलं. कुणाकडं आल्यावर ती गाडी गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सर, तुमी औषदं घेऊन मागनं वडापनं या," ते म्हणाले. "आक्कास्नी मी नेतो."

मी औषधं घेऊन बाहेर आलो तोवर दोघं गेली होती. डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका सांगितलं होतं. मला तासाभरानं वडापची जीप मिळाली, तिच्यात दाराला लोंबकळत निघालो, तर वाटेत सायकलवाली पोरं एका मोटरसायकलला मागं टाकत होती. भाऊसाहेब होते. प्रत्येक खड्ड्याआधी मागं मान वळवून सांगत होते, "आक्का, खड्डा हाय. धरा." आई डोळ्यावर हिरवं फडकं बांधून, त्यांच्या मफलरीचं टोक मुठीत धरून ताठ बसली होती.

घरी आल्यावर मला वाटलं, आता तरी आईचा राग गेला असेल. पण ती कॉटवर बसून धुमसत होती.

"वसंता, गाडी एका लाथंत चालू झाली."

"कुणाची?"

"त्येचीच. डोळा बांदलाय माझा, कान न्हाई. एकच लात मारली आन् चालू. लय लाथा लागत्यात म्हणं! लबाड." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हंजी माझंच खरं हुतं."

मलाही आता तिचंच खरं दिसत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी भाऊसाहेब डोळ्याची चौकशी करायला आले. फाटकाशी गाडी, दोन पाय खाली, नेहमीसारखे. आई शोभाच्या हाताला धरून बाहेर आली. डोळ्यावर ते हिरवं फडकं. चाचपडत तिनं हँडल शोधलं, हेडलाइटच्या डोक्यावर हात फिरवला आणि किल्ली फिरवून काढूनच घेतली. इंजिन गप्प झालं. आईनं किल्ली कनवटीला लावली.

गल्लीत एकदम शांत झालं. समोरच्या मुल्लाणी चाचांची खरीखुरी शिलाई मशीन चालत होती, तीही थांबली.

"आता सांगा, भाऊसाब," आई म्हणाली. "आमच्यात जेवायचं नसंल तर तसं तोंडानं बोला. मी ल्हानपणापासनं ऐकत आलीया. मला त्येची सवं हाय. पर गाडीच्या मागं दडू नगा."

भाऊसाहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना ते कळायलाच वेळ लागला आणि कळल्यावर हा एवढा उंच माणूस सीटवर एवढासा झाला.

"आक्का, आईची आन, तसं न्हाई वो," ते म्हणाले. इंजिन बंद असताना त्यांचा आवाज किती बारीक होता! "आमची मंडळी गेली, तवा मी सांच्याला थोरल्या भावाकडं जायचो. गाडी लावायचो, बसायचो. बसलं की उठावंच वाटायचं न्हाई. उठून करणार काय? घरी जायाचं, कुलूप काढायचं, आपणच दिवा लावायचा. मग बसूनच ऱ्हायचो. एक दिस वयनी आत म्हणल्या, 'आज बी जेवूनच जाणार काय हे?' वाईट न्हाईत त्या. खरंच हुतं त्येंचं, रोजच जायला लागलो हुतो मी." त्यांनी मफलरीनं नाक पुसलं. "तवापासनं ठरिवलं. मानसांत जायाचं, पर गाडी बंद करायची न्हाई. चालू असली म्हंजी ध्यानात ऱ्हातंय, आपल्याला निघायचं हाय."

शोभानं पदर तोंडाला लावला होता.

आईनं कनवटीवर हात ठेवला, किल्ली आहे ना ते बघितलं.

"आमच्यात बी भितीवर घड्याळ हाय," ती म्हणाली. "पर मला अजून दिसत न्हाई ते. उतरा खाली."

भाऊसाहेब उतरले. चपला काढायच्या का घालून यायच्या, हेही त्यांना क्षणभर सुचेना, इतक्या वर्षांत ते कुणाच्या उंबऱ्याशी आले नव्हते. आख्खा मसूर, भाकरी आणि मिरचीचा खरडा होता. पहिली भाकरी ते लाजत जेवले. दुसरीला आईनं विचारलं नाही, वाढली. जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बोलता बोलता त्यांचा डोळा लागला, तोंड उघडं, प्लग खिशातून निम्मा बाहेर आलेला. उठवू का, असं मी खुणेनं विचारलं. खूण आईला दिसणं शक्यच नव्हतं, तरी तिनं "निजू दे" म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी जेवणाच्या वेळी वळणावर फटफट ऐकू आली. ती आमच्या फाटकाशी आली आणि थांबली. अगदी बंद झाली.

मुल्लाणी चाचा गळ्यात टेप तसाच ठेवून धावत बाहेर आले. "क्या हुआ, भाऊसाब? बिघडली काय गाडी? ढकलू का?"

भाऊसाहेब काही बोलायच्या आतच आई घरातून ओरडली, "बिघडली न्हाई, चाचा! बंद केलीया!"

भाऊसाहेबांनी चपला काढल्या, आत आले आणि किल्ली आपल्या हातानं आईच्या हातात दिली.