दादाचे अकरा गोल

आमच्या शेजारचे दिनूकाका दर पितृपक्षात कावळ्याशी गोलांचा सौदा करत आले. त्या सौद्यात कावळा कधी हरल्याचं मी पाहिलं नाही.

दिनूकाका झाशीतल्या जुन्या मराठी घरातले, रेल्वेतून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, लग्न केलेलं नाही. त्यांचा थोरला भाऊ विनायक हॉकी खेळायचा आणि एकविसाव्या वर्षी विषमज्वराने गेला. एवढं खरं. बाकीचं काका सांगतात. जवळच्या बबीना छावणीच्या फौजी टीमविरुद्ध फायनलला दादाने असा चेंडू मारला की तो जाळी फाडून थेट लक्ष्मी ताल या तळ्यात पडला आणि चार दिवस तिथलं पाणी कोमट लागत होतं. फौजेच्या गोलकीपरने खेळच सोडला आणि तो मोठ नावाच्या गावातल्या मंडीत मटार विकायला बसला. तिथेही एखादा दाणा उडाला की बिचारा डोळे मिटून घ्यायचा. ऐकणारा हसला की काका शांतपणे म्हणतात, "झूठ वाटत असेल तर बबीन्यात जाऊन विचार."

मी साताऱ्याची. नवरा फौजेत, त्याची बदली बबीन्याला झाली, म्हणून इकडे आले आणि बँकेतल्या नोकरीमुळे झाशीचीच झाले. माझा स्वभाव असा की मी एकदा खरंच बबीन्यात विचारलं. चहावाला म्हणाला, "हाँ हाँ, दिनूजी के भैया! आठ गोल!" तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणे, "ख़ुद दिनूजी ने."

मी इथे आले तेव्हा त्या फायनलमधले दादाचे गोल चार होते. ते वाढतात कसे, हे मला गच्चीवर कळलं. दादाच्या तिथीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, कारण काकांना वडे जमत नाहीत आणि मला नाही म्हणणं जमत नाही. पान गच्चीच्या कठड्यावर ठेवायचं आणि कावळा शिवेपर्यंत कोणी जेवायचं नाही. तो शिवला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं समजून ती पुरी करायचा शब्द द्यायचा. काका हात जोडून म्हणाले, "दादा, चार गोल. सगळ्यांना सांगतो." कावळा टाकीवर मान वाकडी करून बसून राहिला. "बरं बाबा, पाच." कावळा झेपावला. मग वर्षभर झाशीत पाचच चालले.

मी म्हटलं, "काका, त्याला भूक लागली की तो येतो."

"मग सूनबाई, चारला का नाही लागली?"

मी कपाळाला हात लावला आणि पानं वाढायला घेतली.

गेल्या वर्षीपर्यंत गोल दहावर गेले. यंदा मोहल्ल्यातल्या क्लबने मैदानावर दादाच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. क्लबचे सेक्रेटरी गुप्ताजी नेमके तिथीच्याच दुपारी गच्चीवर हजर. "काकाजी, पत्थर पे कितने गोल लिखें? फाइनल बता दीजिए, कारीगर छेनी लेके बैठा है."

दगडावर एकदा कोरलेला आकडा पुढच्या वर्षी वाढवता येत नाही. काकांनी पानासमोर उभे राहून हात जोडले.

"दादा, अकरा."

कावळा टाकीवर. गुप्ताजींनी तळहातावर पेनाने अकरा लिहिले.

"बारा."

कावळ्याने पाठ फिरवली. गुप्ताजींनी अकरा खोडून बारा केले. दीड वाजला, वडे गार झाले, माझी अर्ध्या दिवसाची रजा संपत आली. मी वैतागून म्हटलं, "काका, पंधरा म्हणा आणि संपवा एकदाचं."

काका पंधरा म्हणाले नाहीत. कठडा धरून हळूच म्हणाले, "दादा, एकही नाही."

गुप्ताजींचं पेन हवेतच राहिलं.

"मी सतराचा होतो. तू हट्टाने मला टीममध्ये घेतलंस. फायनलच्या शेवटच्या मिनिटाला चेंडू तुझ्याकडे होता, तू मारला असतास तर गेला असता. तू मला दिलास. समोर गोल रिकामा, आणि मी बाहेर घालवला. एका गोलाने हरलो आपण. घरी येताना म्हणालास, दिन्या, रडतोस काय, पुढच्या वर्षी मार." काका माझ्याकडे वळले. "पंधरा दिवसांत गेला गं. कुठलं पुढचं वर्ष! म्हणून म्हातारपणी दर वर्षी त्याला एकेक देत गेलो."

पंधरा म्हणा, असं म्हटल्याची मला फार लाज वाटली. कावळ्याकडे बघायचं कोणाला सुचलंच नाही. बघितलं तेव्हा पानावरचा वडा गेलेला होता आणि टाकी रिकामी होती.

गुप्ताजींनी तळहात धोतराला पुसला. माणूस हिशेबी, पण आवाज मऊ झाला होता. "तो काकाजी... पत्थर पे?"

काकांनी डोळे टिपले. "गोल मत लिखो. लिखो, पास दिया था."

"किसको?"

काका मैदानाकडे वळले.

"छोटे भाई को."