विश्रामबागेतल्या भाकऱ्या

परिसंवादाला बायका येतील की नाही, या काळजीनं अंजना थोरातची झोप उडाली होती. आल्यावर त्या कुठं जातील, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

महिला वर्षाचे दिवस होते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या अंजनाला गावाकडच्या बायकांच्या कष्टांवर संशोधन करायचं होतं. त्यासाठी कॉलेजात परिसंवाद ठेवला होता आणि तो बघायला विद्यापीठातल्या गोडबोले मॅडम स्वतः येणार होत्या. बायका मोकळेपणी बोलल्या तर मंजुरी, नाहीतर विषय बासनात. प्राचार्य म्हणाले होते, "बाई, रिकाम्या खुर्च्यांचे आभार मी मानणार नाही."

म्हणून ती तासगावजवळच्या एका गावात जाऊन बायडाबाईंना भेटली. त्यांचा शब्द गावातल्या बायका मोडत नसत.

"कार्यक्रम हाय म्हंता? मग येतो की! कार्याला बोलावल्यावर न्हाई कसं म्हणायचं?"

ठरल्या दिवशी बायका आल्या. नवरेही आले, कारण बायकांनी एकट्यानं सांगली गाठायची म्हणजे काय! एसटीतून उतरून पुरुष सरळ सभागृहात गेले आणि पंख्याखाली बसले. बायकांना मात्र मागच्या अंगणात चूल पेटलेली दिसली आणि चुलीपाशी घामाघूम झालेला एकटा आचारी, आकाराम. कार्याच्या घरी आधी कामाला हात लावायचा, मग टेकायचं, ही त्यांची रीत. कुणी परात ओढली, कुणी वांगी चिरायला घेतली. आकारामानं देवाला हात जोडले आणि बिडी शिलगावली.

इकडे गोडबोले मॅडम माईकपाशी उभ्या राहिल्या. "माझ्या कष्टकरी भगिनींनो," म्हणाल्या आणि थांबल्या. समोर नुसत्या मिशा होत्या.

"ग्रामीण स्त्री कुठं आहे?" प्राचार्यांनी अंजनाच्या कानाशी विचारलं. मागच्या अंगणातून थाप थाप आवाज आला.

अंजना धावतच गेली. "बायडाबाई, अहो आत चला! तुमच्या कष्टांवर बोलायचंय!"

"येतो की. येवढ्या भाकरी हुंद्यात."

"नंतर करा!"

"आन् गडीमाणसं काय धोंडं खातील? तुमी टेका जरा. लय दमलाय. च्या घेता?"

अंजना चहा न घेताच परतली. कप घेऊन बायडाबाई मागोमाग सभागृहाच्या दारापर्यंत आल्या. अंजना रडवेली होऊन माईकवरच म्हणाली, "बायकांना इथं बसवायचंय. भाकऱ्या तुमच्यापैकी कुणी करील का?"

सगळे पुरुष एकदम पंख्याकडं बघू लागले. पहिल्या रांगेतला जोतीराम तेवढा हसला. "आवं बाई, गड्यानं केल्याली भाकर कुत्रं तरी हुंगल का?"

शेवटच्या रांगेतून बायडाबाईंचे मालक हंबीरराव ताडकन उठले. लष्करातून पेन्शनीत आलेले, गावात त्यांचा दरारा.

"ए जोत्या, त्वांड सांभाळ! आख्ख्या कंपनीनं खाल्लीया माझ्या हातची रोटी. सायबानं दुसऱ्यांदा मागून घेतलीया!"

जोतीरामानं चाचरत विचारलं, "पर तात्या, तुमी तर सरहद्दीवर हुता न्हवं?"

"सरहद्दीवरच हुतो." हंबीररावांचा आवाज खाली आला. "लंगरमदी, रोट्या भाजायला. तिथली माणसं जेवत न्हाईत व्हय?"

आता माघार नव्हती. त्यांनी बाह्या सारल्या. "बघताय काय? उठा! लाईनमदी चला!"

थोड्याच वेळात मागच्या अंगणात गडीमाणसं कांदा चिरत रडत होती आणि बायका पदराला हात पुसत खुर्च्यांवर बसल्या होत्या. आधी सगळ्या एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या. मग बायडाबाई उठल्या.

"फौजंत काय करता म्हणून सारा जलम इचारलं, तर म्हणं बंदूक धरतो. आन् मी बाळंतपणात उठून भाकरी थापल्या!"

कुणी हसलं, कुणी डोळ्याला पदर लावला. मग ज्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. गोडबोले मॅडमचं पेन मागं पडू लागलं.

जेवणाची पहिली पंगत बायकांची बसली. हंबीररावांनी बायडाबाईंच्या ताटात तव्यावरची रोटी टाकली. त्यांनी ती सावकाश खाल्ली. मग ताट पुढं केलं. "सायबावानी आनखी एक वाढा."

संशोधनाला मंजुरी मिळाली. प्राचार्यांनी मॅडमचे, संस्थेचे आणि मंडपवाल्याचेही आभार मानले. निघताना अंजना बायडाबाईंचे आभार मानायला एसटीपाशी गेली, तर त्यांनीच तिचा हात धरला.

"लय उपकार झालं, बाई. जल्मात पयल्यांदा ऊनऊन आयतं खाल्लं."

"पुढच्या वर्षीही याल ना?"

बायडाबाईंनी खिडकीपाशी मिशीवरचं पीठ पुसत बसलेल्या हंबीररावांकडं पाहिलं.

"येऊ की. पर बोलवायला इसरला तरी वाईट वाटून घिऊ नगा. आता आमच्या चुलीपाशी रोज सांजच्याला परिसंवाद हाय."