गेरूने वाचवलेली फांदी

आमच्या बागेच्या नूतनीकरणात एकही चूक होणार नाही, याची मी चोख व्यवस्था केली होती! हे वाक्य मी आजही तितक्याच ठामपणे लिहू शकतो. कारण जे झाले, ते अगदी व्यवस्थेबरहुकूम झाले.

सुरतेतल्या कोसाडच्या घरकुलांमधली ही बाग म्हणजे दोन इमारतींनी आपसांत वाटून घेतलेली उदासी होती. घसरगुंडीचा पत्रा मध्येच फाटलेला. पोरे वरून सबंध चड्डीनिशी निघत आणि खाली पोचेपर्यंत तिचा काही भाग मागे ठेवून येत. सी-सॉचे एकच टोक उरले होते, त्यामुळे त्यावर बसणारा माणूस आमच्यासारखाच कायमचा खाली असे. सिमेंटच्या हत्तीला सोंड नव्हती. या सगळ्या पडझडीत उभा होता तो फक्त एक निंब, आणि त्याची जमिनीला समांतर गेलेली, मांडीएवढी जाड अशी एक आडवी फांदी.

पालिकेने दुरुस्ती मंजूर केली, तेव्हा रहिवाशांच्या समितीने मला चिटणीस केले. मी रिंग रोडच्या कापड बाजारात साड्यांच्या पार्सलांवर पत्ते लिहितो. पण मराठीचा एम. ए. आहे, आणि अर्ज लिहिताना हात थरथरत नाही असा वसाहतीत मी एकटाच.

आईने, म्हणजे मंगलाबाईंनी, एकच मागणी केली. मला ती भाऊ म्हणते.

"भाऊ, बाकी सगळं मोड. मनी झोकानी फांदी तेवढी ऱ्हाऊ दे."

खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, निंबाला झोका बांधते आणि गाणी म्हणते. माझे दोन्ही मामा गेले, शिंदखेड्याकडचे घर विकले गेले. आईला बोलावणारे कोणी राहिले नाही. तेव्हापासून एकोणीस वर्षे ती अखाजीच्या सकाळी चौथ्या मजल्यावरून उतरते, त्या फांदीला दोर बांधते आणि गाण्यात भावांची नावे घेत झोका घेते. सुरतेत तिला माहेर होते ते एवढेच: सात हात लांब आणि पानांनी झाकलेले!

मी गेरूचा डबा आणला आणि बायकांना सांगितले, "जे वाचवायचे आहे, त्यावर खूण करा."

घसरगुंडी, सी-सॉ, हत्ती यांच्याबद्दल कोणालाच माया नव्हती. खूण झाली ती फक्त फांदीवर. आईने गेरूचे तीन पट्टे ओढले, वर स्वस्तिक काढले, हळदकुंकू वाहिले, खाली नारळ फोडला. मी कंत्राटदार भूपेंद्रभाईंना एका ओळीची चिठ्ठी धाडली: 'खूण केली आहे. त्याप्रमाणे करावे.' अधिक खुलासा करणे म्हणजे वाचणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान, हे माझे जुने मत!

अखाजीला सहा दिवस उरले असताना मी संध्याकाळी कामावरून परतलो. आई आणि इमारतीतल्या बायका सणाच्या खरेदीला गेल्या होत्या, त्या अजून यायच्या होत्या. फाटकी घसरगुंडी पिवळ्या रंगात फाटकीच उभी होती. सी-सॉच्या एकुलत्या टोकाला निळा रंग लागला होता. बिनसोंडेच्या हत्तीच्या पायाशी फुलझाडे लावली होती. आणि निंबावर, फांदीच्या जागी, एक पांढरे वर्तुळ होते. ताजे, ओलसर, कोणीतरी नुकताच डोळा उघडावा तसे.

"भूपेंद्रभाई! फांदी?"

"कापली ने साहेब!" ते प्रसन्न होते. "आख्या बागेत एकच निशाणी. मी समजलो, हीच नडते."

"पण खूण वाचवण्यासाठी होती!"

"वाचवायच्या झाडाला कोण निशाणी करतं? अमारा धंधामां निशाणी एटले कापवानुं!"

"आणि ते हळदकुंकू? नारळ?"

"म्हणून तर खातरी थई!" भूपेंद्रभाईंनी कपाळाला हात लावला, पण तो माझ्या अज्ञानासाठी. "झाड कापताना पहिलं पूजा करून माफी मागायची असते. मी म्हटलं, या लोकांनी किती विधीपूर्वक केलं! माझी माणसं पण पाया पडली, मग करवत चालवली."

"लाकूड कुठे आहे?"

"स्मशानाला दान. सगळं तमारा नामे. पुण्य तुमचं!"

त्या क्षणी मी आईला सांगायला हवे होते. परंतु माणूस कबुलीजबाबासाठी योग्य शब्द शोधू लागला की पहिला सापडतो तो खोटा! काळोख पडताच मी एक जाड बांबू त्या वर्तुळाखाली सुतळीने आवळला, त्याला वर्तुळासकट गोणपाट गुंडाळले आणि आजूबाजूच्या डहाळ्या ओढून वर बांधल्या. दुसऱ्या दिवशी जाहीर केले, "फांदीला वाळवी लागली आहे. औषध लावून बांधली आहे. अखाजीपर्यंत कोणी हात लावू नये."

अखाजीला काय होणार होते, याचा विचार मी केला नव्हता. फार तर भूकंप होईल, अशी अंधुक आशा होती.

"काऊन रे," दुसऱ्या मजल्यावरच्या, बुलढाण्याकडच्या वत्सलामावशी म्हणाल्या, "झाडाले बी पलस्तर करतेत काय आता?"

"आधुनिक पद्धत आहे, मावशी."

"मंग सलाईन बी लाव!"

सलाईन तेवढी लागली नाही, बाकी सर्व उपचार झाले. वत्सलामावशींनी निंबोळीचे तेल आणून निंबालाच चोळले. कोणी ताक ओतले, कोणी दृष्ट काढली. आईने पाच नारळांचा नवस बोलला आणि रोज सकाळी गोणपाटाला हळद लावू लागली. चौथ्या दिवशी पलीकडच्या इमारतीतल्या बायकाही दर्शनाला येऊ लागल्या. बांबूची प्रकृती सुधारत आहे, असे सर्वांचे मत पडले! मी खिडकीत उभा राहून ते पाहत असे. माझ्या खोटेपणापुढे उदबत्ती जळत होती, आणि तिचा धूर नेमका माझ्याच घरात येत होता.

मुलांचे नवे झोके बसले, तेव्हा मी धावत गेलो. पाटी होती: 'वय बारा वर्षांपर्यंत. वजन चाळीस किलोपर्यंत.' आई दोन्ही अटी केव्हाच ओलांडून बसली होती.

अखाजी उजाडली. उद्घाटनही त्याच दिवशी! नगरसेवकांचा हात जोडलेला भला मोठा फोटो लावलेली लोखंडी कमान फाटकाशी उभी राहिली आणि तिच्या दोन खांबांमध्ये लाल फीत बांधली गेली. साहेब यायला उशीर होता. आई नवे लुगडे नेसून, दोर खांद्यावर टाकून, सरळ निंबाकडे निघाली.

"आई, अजून ओली आहे!"

"काय ओली शे?"

"फांदी."

तिने गोणपाट सोडले. बांबू बाहेर आला. हळदीने पिवळा, तेलाने तुकतुकीत, आणि कमालीचा निर्लज्ज. आईने वरच्या पांढऱ्या वर्तुळाकडे पाहिले.

"भाऊ, फांदी कवय गई?"

"सहा दिवसांपूर्वी."

"मंग इतला दिन मी बांबूनी पूजा करी?"

आई रागावली असती तर मी सावरलो असतो. ती फक्त खांद्यावरचा दोर या हातातून त्या हातात घेत राहिली, परक्या गावात उतरलेल्या माणसाने पिशवी घ्यावी तशी.

वत्सलामावशींनी फाटकाकडे बोट केले. "ते लोखंडाचं हाय ना? मंग चाल वं बाई!"

मांडववाला ओरडेपर्यंत दोर कमानीवरून गेला होता! आई बसली, बायकांनी ढकलले, आणि पहिल्याच हेलकाव्यात तिच्या पावलांनी लाल फीत तोडली. बागेचे उद्घाटन झाले! प्रत्येक झोक्याला कमान वाकत होती आणि तिच्याबरोबर साहेबांचा फोटो खाली येऊन बायकांना नमस्कार करत होता. प्रत्यक्ष साहेब पोचले, ते कात्री हातात धरून आपला तो विनय पाहत उभे राहिले.

"कोण आहेत या बाई?" त्यांनी मला विचारले.

"समितीच्या ज्येष्ठ हितचिंतक," मी म्हणालो.

आई झोका घेत होती, पण गात नव्हती. बायकांनी आग्रह केला. तिने मान हलवली. कमानीचे लोखंड मात्र एकसारखे कुरकुरत होते. दुपारी दोनला मांडववाल्याला कमान एका लग्नात न्यायची होती. आई उतरली, दोराची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

"निंबले अशी फांदी येवाले कितला वरीस लागतीन रे?"

"वीस तरी."

तिने मान वर करून ते वर्तुळ पुन्हा न्याहाळले. मग माझ्याकडे पाहिले, तितक्याच चिकित्सक नजरेने.

"मंग तू यंदाच लगीन करी ले. तुनी पोर माहेरले येई, तवय फांदी बी तयार ऱ्हाई."

त्या दोहोंपैकी निंबाचे काम अधिक लवकर होण्यासारखे आहे, हे तिला सांगण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.