गायकवाडकाकांचा पुढचा दात

नवा माणूस भेटला की कुणी नाव विचारतं, कुणी गाव विचारतं. गायकवाडकाका म्हणायचे, "आ कर." दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी नुकतीच राहायला आले होते. विरजण मागायला वाटी घेऊन वरच्या मजल्यावर गेले, तर दार उघडून या गृहस्थांनी थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आ कर. वरचे पुढचे दोन दाखव." ऑफिसात माझ्या हाताखाली चार माणसं, पण तिथे मी बावळटासारखा आ केला. "शाबूत आहेत. जप," म्हणाले आणि आत निघून गेले. विरजण शेवटी शांताकाकूंनी दिलं.

काका मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिश्चन. चर्चमध्ये ट्रम्पेट शिकले आणि दिल्लीत एका सरकारी बँडमधून रिटायर झाले. काकू हॉस्पिटलात नर्स. क्वार्टर काकूंच्या नावावर होतं आणि हे त्या काकांना अधूनमधून ऐकवायच्या.

काकांचं सगळं आयुष्य त्या दोन दातांवर उभं होतं. ट्रम्पेटचं तोंड ओठावर दाबलं की ओठाला आतून टेकू दातांचा. दात हलला की ओठ सरकतो, ओठ सरकला की वरचा सूर फाटतो. हे त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा हिंदीतून समजावलं होतं. घरात चिक्की नाही, पेरू नाही. भाकरी दुधात कुस्करून. बाजारात घासाघीस करायची नाही, कारण बडबडीने जबडा दुखतो. तो जबडा डाव्या कानाखाली कट्कन वाजायचा, म्हणून जांभईसुद्धा हनुवटी हातात धरून द्यायचे. हसायचे मात्र मुळीच नाहीत. त्यात जबड्याचा काही दोष नव्हता, स्वभावच मुलखाचा खडूस.

काकूंची हौस एवढीशी. मार्केटच्या कोपऱ्यावरचा निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा. "लग्न झाल्यापासून एकदा म्हणून या माणसाने माझ्याबरोबर खाल्ला नाही गं!"

"भुट्टा खायला अख्खी दिल्ली पडलीय," काका म्हणायचे.

रिटायर झाल्यावर नेमका पुढचाच दात हलायला लागला. डिस्पेन्सरीतला डॉक्टर म्हणाला, "निकलवा दीजिए अंकल, नया लगा देंगे."

"नए दाँत पे आपके पिताजी ने ट्रम्पेट बजाया था?" काकांनी विचारलं आणि उठून आले. गाल सुजला, तर भर मे महिन्यात मफलर गुंडाळून हिंडले. ट्रम्पेट पेटीत बंद केलं. "एक वेळ निघेल या दातावर. एकच," म्हणायचे.

ती एक वेळ कुठली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंच्या वडिलांच्या दफनाला काकांनी कबरीपाशी संध्याकाळचं प्रार्थनागीत वाजवलं होतं. तेव्हा काकूंनी शब्द घेतला होता, माझ्याही वेळी हेच वाजवायचं. आता काकू अंथरुणाला खिळल्या होत्या आणि हॉस्पिटलने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. माझं तर डोकंच फिरायचं. बायको अजून जिवंत आहे आणि हा बाबा तिच्या मयताची तयारी करतोय!

एका रविवारी दुपारी मी काकूंचे केस विंचरत होते. काकू म्हणाल्या, "अहो, आत्ताच वाजवा ना. तेव्हा मी कुठे ऐकणार?"

"शब्द दिलाय."

"मलाच दिलाय ना? मग सोडलं मी तुम्हाला त्यातून."

"आणि तिथे काय करू? लोक म्हणतील, बँडवाला नवरा असून बायकोला मुक्याने पुरली."

"लोकांना भुट्टा द्या," काकू म्हणाल्या.

काका तरातरा बाहेर गेले. वाटलं, रुसले. पण परत आले ते पेटी घेऊन. ट्रम्पेटचं तोंड काखेत धरून गरम केलं, जानेवारीच्या परेडची जुनी सवय. मग उभे राहून सगळं गीत वाजवलं. शेवटचा वरचा सूर जरा थरथरला, पण फाटला नाही. ओठातून रक्त आलं होतं. ते बेसिनवर गेले आणि परत आले तेव्हा दात हातात होता.

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. "तिसऱ्या ओळीत घाई केलीत," म्हणाल्या.

"तुला काय कळतंय!" काका म्हणाले. खिंडीतून थुंकी उडाली, तशा काकू खुदकन हसल्या.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

कबरस्तानात पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवून काकांकडे पाहिलं. काका बँडचा कोट घालून, ट्रम्पेट काखेत धरून, ओठ मिटून उभे. कुजबुज सुरू झाली. "बायकोसाठी एवढंही नाही?" "दाताची काळजी असेल." माझा संताप संताप झाला. सांगायला तोंड उघडलं, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"तोंड मिट," म्हणाले. "त्यांना काय करायचंय त्याच्याशी?"

काकांचे क्वार्टर सोडायचे दिवस आले. सुतळी आणायला त्यांच्याबरोबर मार्केटमध्ये गेले होते. म्हटलं, "काका, आता तरी नवा दात बसवा. जेवता तरी येईल."

"कशाला? तिचं ऐकून झालंय."

कोपऱ्यावर भुट्टेवाला होता. काका त्याच्यासमोर जाऊन थांबले. लिंबू-मीठ चोळून घेतलं आणि उरलेल्या दाढांनी, मान वाकडी करून खायला लागले. जबडा कट्कट् वाजत होता, कपाळावर आठ्या होत्या. अर्धं कणीस संपवलं.

"चांगला लागतो गं," काका म्हणाले आणि भर बाजारात रडायला लागले.